आवतन चूलबंदच होतं

आक्का,

उद्याच्या जेवणाची यादी करायला बसलोय. जेवण तुझ्याच आठवणीचं, आणि नावं सांगायला तू नाहीस. मंडळीत नाताळ असो, कापणीचा सण असो की कुणाचं लग्न, वही माझ्या हातात आणि नावं तुझ्या तोंडात, असंच आपलं वर्षानुवर्षं चाललं. चर्चच्या आवारातल्या लिंबाखाली दोन खुर्च्या टाकायच्या. तू मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायचीस आणि मान वर न करता एकेक घर सांगत जायचीस. आज एक खुर्ची मी ओढून आणली. दुसरी आणायला गेलो आणि तसाच परत आलो.

तुला जाऊन वीस दिवस झाले. माणसं भेटायला येतात, सलाम करतात, म्हणतात, "दानियेलभाऊ, आक्का शांतीनं गेल्या." मी मान हलवतो. तुझ्या जिवाला काय टोचत होतं ते मला माहीत आहे. काटा माझ्याच हातचा होता.

उद्या उपासनेत तुझ्याविषयी चार शब्द सांगायला पाळकांनी माझं नाव घातलंय. मी न बोलणारा माणूस. कॉलेजच्या ऑफिसात मला पाठीमागं 'बंद फाईल' म्हणतात, हे तूच कुठून तरी ऐकून मला हसत हसत सांगितलं होतंस. नुसता उभा राहिलो तर मी नेहमीचंच बोलेन. आक्का प्रेमळ होती, सेवाभावी होती, मंडळीचा आधार होती. आणि खाली बसेन. म्हणून लिहून काढतोय. जे लिहीन तेच वाचायचं, एक ओळ गाळायची नाही. पुढच्या बाकावर लातूरचे माझे व्याही बसलेले असतील. त्यांच्यासमोरच वाचायचं आहे. 

मंडळीतल्या नव्या पोरांना शब्द ठाऊक नसतील, म्हणून आधी तेवढं सांगतो. आपल्या गावाकडं जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एकानं यायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, लेकरू, वस्तीला आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं. पत्रिकेवर 'सहकुटुंब' छापलेलं असतंच, त्याला कुणी विचारत नाही. आवतन देणारा दारात उभा राहून या दोनातला कोणता शब्द बोलला, त्यावरून घरधन्याला कळतं, यानं आपल्याला किती धरलंय.

तुझी जीभ 'घरटी एक' म्हणायला वळायचीच नाही. त्यावरून आपण किती भांडलो, आक्का. मी म्हणायचो, "माणसं किती ते सांग, म्हणजे तांदूळ धरता येतील." तू म्हणायचीस, "माणसं कशाला मोजून राहिलास? चुली मोज." एका नाताळात मी जेवणाची कुपनं छापून आणली. दारात एकानं उभं राहायचं, कुपन घ्यायचं आणि आत सोडायचं. तू त्यातलं एक कुपन उलटंपालटं करून पाहिलंस आणि सगळ्या बायकांदेखत विचारलंस, "दान्या, प्रभुभोजनाला बी हे लावणार हायेस का?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी चिडलो.

"हस तू. अन्न कमी पडलं म्हणजे मग?"

"आमटीत पाणी वाढवू. मूठभर येसर टाकलं की पुना दाट होती. तू काळजी कशाची करून राहिलास? आमटीची का इज्जतीची?"

आणि मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालीस, "घर प्रभूचं, जेवण त्याचं. आपण नुसते वाढपी. वाढप्यानं दारात उभं राहून कोण आलं ते इचारायचं नसतं."

हे तू मला आधीच सांगून ठेवलं होतंस. कळलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

*

दादाराव कोण, हे मंडळीतल्या फार थोड्यांना माहीत आहे. तेही मीच माहीत होऊ दिलं नाही.

भोकरजवळच्या आपल्या गावात दोन सख्ख्या भावांची घरं भिंतीला भिंत लागून होती. एका भावानं येशूला धरलं, ते आपले आजोबा. दुसऱ्याच्या घरानं छप्पन साली बुद्धाला. ते दादारावचे आजोबा. एकाच वस्तीतली, एकाच पाणवठ्यावरून हाकललेली माणसं. आपली आई दवाखान्यात पडून होती त्या वर्षी तू पंधराची असशील, मी दोनेक वर्षांचा. सबंध पावसाळा आपल्या घरी चूल पेटली नाही. दादारावच्या आईनं, सुभद्राकाकूनं, आवतन-बिवतन काही दिलं नाही. भिंतीवरून डोकावून ती म्हणाली, "तुमची चूल माझ्याकडंच हाय." एवढंच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. दादाराव त्याच्या ताटातला भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या तोंडात घालायचा, हे मला आठवत नाही. तू सांगायचीस म्हणून ठाऊक आहे. पुढं तू नांदेडला आलीस, मला शिकवलंस. मला नोकरी लागली, मी मंडळीचा सेक्रेटरी झालो आणि गाव मागं पडत गेलं. तू मात्र दर राखीला दादारावकडं जायचीस. आपल्यात राखी नसते, त्यांच्यातही नसते. तू भाकरी बांधून न्यायचीस. ती तुझी राखी.

तो एसटीत कंडक्टर होता. आवाज असा की भोकरच्या स्टँडवर बोलला तर मागच्या सीटवरचा माणूस खिसा चाचपायचा.

माझ्या लेकीच्या, साराच्या लग्नाची यादी आपण याच लिंबाखाली केली. लग्न लातूरला. कार्यालय मुलाकडच्यांनी ठरवलेलं, जेवण आपलं. दादारावच्या नावापाशी आल्यावर तुझं सूप थांबलं.

"दादारावला काय सांगू?"

"हे काय विचारणं झालं? चूलबंद सांग."

"लातूर लांब हाय. नऊ माणसं हायेत त्याच्याकडं."

"असू देत. चूलबंद."

ही चार वाक्यं मी जशीच्या तशी उतरवलीत, कारण सगळं यांच्यावरच आहे. शब्द माझा होता. तू तो फक्त गावाला नेलास आणि त्याच्या दारात ठेवलास.

*

आता लातूर.

मला थोडी उसंत हवी असं वाटतंय, पण थांबलो तर उठून जाईन.

सगळं नीट पार पडलं होतं. लग्नविधी झाला, सह्या झाल्या, माणसं कार्यालयात आली. मी जेवणाच्या हॉलच्या दारात उभा होतो, हातात वही. शेजारी साराचे चुलतसासरे. निवृत्त प्राचार्य, मोठा माणूस. त्यांच्या घरात गावाचं नाव निघत नाही. आजोबा कुठले, कुठल्या वस्तीतले, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघंही ख्रिस्ती, दोघंही शिकलेले, एवढ्यावर आमचं जमलं होतं.

तेवढ्यात जीप आली. चार तासांच्या प्रवासानं सगळ्यांचे केस पिंजारलेले, पण कपडे नवे. दादारावचा पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पाठीवर मात्र सीटच्या रेघा उमटलेल्या, खांद्यावर निळं उपरणं. त्याच्या बायकोच्या, कांतावहिनीच्या हातात पिशवी, घरच्या तुरीची डाळ. तो लांबूनच ओरडला, "जय भीम, दान्या!" आणि मला मिठीत घेऊन सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "तिकीट काढूनच आलोय रे बाबा, नऊ फुल! पुढं सरका, आत घ्या!"

त्याची नातवंडं खिदळली. मी हसलो नाही. माझे हात खालीच राहिले.

प्राचार्य हळूच म्हणाले, "ही मंडळी कुणीकडची? आपल्यातली वाटत नाहीत." मग केटरर काही तरी कमी पडेल म्हणत होता, त्याचा त्यांनी उल्लेख केला. एवढंच. यांना परत पाठवा असं ते म्हणाले नाहीत. हे मी उद्या त्यांच्या तोंडावर वाचणार आहे, म्हणून नीट लिहितो. प्राचार्यसाहेब, तुम्ही फक्त विचारलं होतं. बाकी सगळं मी केलं.

मी म्हणालो, "गावाकडची ओळखीची आहेत. घरटी एक सांगितलं होतं. आमच्या आक्कानं चुकून चूलबंद सांगितलं."

मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. प्राचार्यांना ऐकू जावं म्हणून. दादारावला ऐकू गेलं.

"ओळखीची?" तो म्हणाला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण तो शब्द अगदी बारीक निघाला.

तू आतून जिलेबीचं ताट घेऊन येत होतीस. त्यानं तुला विचारलं, "आक्का, तू आमच्या दारात काय म्हनली होतीस?"

तू माझ्याकडं पाहिलंस. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. पाकाचा एक थेंब ताटाच्या कडेवरून खाली पडला, तो मी पाहिला. तुझ्याकडं पाहायची माझी हिंमत नव्हती. तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, 'दान्यानंच सांगितलं होतं.' माझं तोंड तिथंच काळं झालं असतं आणि न्याय झाला असता.

तू म्हणालीस, "माझंच चुकलं, दादा. वय झालं आता."

दादारावनं खांद्यावरचं उपरणं सावरलं. मग म्हणाला, "मी चूल इझवून आलो, आक्का." आणि मागं वळून घरच्यांना म्हणाला, "चला. गाडीत बसा. फुडच्या स्टॉपला जेवू."

कांतावहिनी जाता जाता थांबली. डाळीची पिशवी तिनं उंबऱ्याच्या आत ठेवली. "आहेर परत न्हेत नसतेत," म्हणाली आणि गेली.

दुपारी मी तुला विचारलं, "आक्का, जेवलीस का?"

तू भांडी आवरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "घरटी एक हाय ना? तू जेव."

त्या दिवसाबद्दल तू आपणहून मला याखेरीज एक शब्द बोलली नाहीस. त्या दिवशीही नाही, नंतरच्या चार वर्षांतही नाही.

*

मला सुरुवातीला वाटलं, निभावलं. माणसं विसरतात. आक्काची चूक म्हटल्यावर कोण किती दिवस धरून बसेल?

पण तू त्या वर्षी दोनदा गावाला जाऊन आलीस आणि दोन्ही वेळा भाकरी परत घेऊन आलीस. पुढच्या राख्यांनाही तसंच. दुसऱ्या वेळी मी विचारल्यावर तू एवढंच सांगितलंस की दादाराव बोलला. काय बोलला? "म्हनला, तू शब्द चुकलीस त्याचा राग न्हाई. आमाला सगळ्यांना बोलावलं हीच चूक झाली, असं तू म्हनलीस. त्याचा हाय." हे सांगून तू भाकरीचं फडकं सोडलंस आणि माझ्यापुढं ठेवलंस. "खा. तुझ्याच वाटच्या हायेत." मी खाल्ल्या, आक्का. तुझ्यासमोर बसून खाल्ल्या.

तू त्याला खरं का सांगितलं नाहीस? मी किती वेळा विचारायचं ठरवलं. सांगितलं असतंस तर तुझा भाऊ तुला परत मिळाला असता. मग वाटायचं, विचारलं म्हणजे कबूल केलं. म्हणून गप्प.

त्यांची डाळ तू त्या नाताळात मंडळीच्या जेवणाला शिजवलीस. वाढता वाढता म्हणालीस, "ही दादारावची तूर. तो जेवणात हाय, जेवायला न्हाई." बायकांना काही कळलं नाही. मी आमटी घेतली नाही, तर तू मुद्दाम माझ्या ताटात दोन पळ्या ओतल्यास.

आणि मग ते तुझं दरवर्षीचं. यादी पूर्ण व्हायची, मी वही मिटायचो, तू सूप झटकून उठायचीस आणि म्हणायचीस, "दान्या, एक चूल राहिली बघ." मी म्हणायचो, "बघतो." चार नाताळ मी 'बघतो' म्हणालो. तुझ्या आवाजात राग नसायचा, हीच पंचाईत होती. रागावली असतीस तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं.

दर महिन्याला प्रभुभोजन. पाळक आधी सांगतात, कुणाशी वाकडं असेल तर ते मिटवून पुढं या. मी पुढं जायचो. सेक्रेटरी पुढं गेला नाही तर लोक काय म्हणतील? तू बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर. मी भाकर हातात घेतली की तू खाली पाहायचीस. मला नजर चोरावी लागू नये म्हणून तू आपणच नजर काढून घेत होतीस, हे मला आता कळतंय.

कृपा हा शब्द मी लहानपणापासून पाठ केलाय. संडे स्कूलमध्ये त्यावर बक्षीसही मिळालंय, रंगीत पेन्सिली. आपली चूक दुसऱ्यानं उचलावी, आपण मागितलेलं नसताना. लातूरच्या त्या दारात ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. पण मी काय केलं त्या कृपेचं? अंगावर पांघरून झोपलो. आक्कानं माफ केलंय, मग आता कशाला उकरायचं? तू माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार मी आडोसा म्हणून वापरलं. आणि त्या आडोशाच्या पलीकडं एक माणूस चार वर्षं उपाशी उभा आहे, तो तुला आपली वैरीण समजतोय, हे मी विसरायचं ठरवलं.

जायच्या आठवडाभर आधी तू मला म्हणालीस, "दादारावकडं जाऊन येऊ का रे? तू बी चल. माझ्यानं एकटीनं बसमधी चढवत न्हाई." मी म्हणालो, "परीक्षेचं काम आहे. पुढच्या रविवारी." तू म्हणालीस, "बरं." पुढच्या रविवारी आम्ही तुझ्या मातीहून परत येत होतो.

*

गुरुवारी मी गेलो. एकटा. आधी बस, मग भोकरहून ऑटो.

दादाराव अंगणात बाजेवर बसला होता, बनियनवर. कांतावहिनी सुपात तूर पाखडत होती. मी फाटकातूनच "दादा" म्हणालो.

"कोण हाय?" त्यानं ओळखलं होतं, तरी विचारलं. "हां. दानियेलसाहेब. ओळखीचे हायेत आमच्या."

वहिनीनं तांब्या-पेला आणून पुढं धरला. मी म्हणालो, "पाणी मागून घेतो, वहिनी. आधी बोलू द्या." तिनं पेला खाली ठेवला.

मी उभ्याउभ्याच बोललो. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. "दादा, आक्का चुकली नव्हती. चूलबंद सांग असं मीच तिला म्हणालो होतो. लातूरला दारात मी खोटं बोललो. तिनं माझ्यासाठी ते डोक्यावर घेतलं."

तूर पाखडायचा आवाज थांबला.

 मग दादारावचा तो कंडक्टरचा आवाज आला, पण फाटलेला. "तुझ्या सारीचा फोन आला होता. आक्का गेली म्हनून. मी हितंच बसून होतो, ह्याच बाजंवर. पोरं म्हनले, चला. मी म्हनलो, जिला आमी जेवायला जड झालो, तिच्या मातीला कशाला जायचं? अन गेलं तर किती जनांनी जायचं ते आधी इचारावं लागंल." तो हसल्यासारखा झाला आणि ते हसू मधेच मोडलं. "चार वर्सं ती भाकरी घिऊन आली तर मी तोंड फिरवलं, दान्या. अन मातीला बी गेलो न्हाई. तू माझ्याकडून आक्काची माती घेतलीस."

त्यानं बनियनच्या टोकानं तोंड पुसलं आणि विचारलं,

"ती होती तवा का न्हाई आलास?"

"भ्यालो."

"कुनाला? त्या लातूरवाल्यांला?"

"हाव."

"अन आता?"

"आताबी भितो. पण आलो."

"ऊठ अन जा," तो म्हणाला. मी उभाच होतो, तरी म्हणाला. मग तोंड भिंतीकडं करून बसला.

मी ज्यासाठी गेलो होतो ते राहिलं होतं. दारात उभं राहून ते म्हणावंच लागतं, ते लिहून पाठवता येत नाही. मी म्हणालो, "रविवारी आक्काचं जेवण आहे, नांदेडला, चर्चमधी. तुमाला चूलबंद आवतन आहे."

कांतावहिनी म्हणाली, "आता कुनाच्या शब्दावर यायचं भाऊजी? गेल्या टायमाला बी शब्दावरच आल्तो."

तिनं सूप खाली ठेवलं.

"सगळ्यांम्होरं सांगचाल का? आक्का चुकल्या न्हवत्या, असं? तुमच्या याह्यांम्होरं?"

"सांगेन."

"बघू मग." तिनं खाली ठेवलेला पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. "प्या. दारात आलेल्याला आमी तसंच धाडीत न्हाई."

आक्का, टोमणाच होता तो. मी ते पाणी पीत होतो. लातूरच्या दारात मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

*

काल साराला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, दादाकाका का नाही आले? तुम्ही म्हणालात, गाडी बिघडली." हेही मी विसरलो होतो. एक खोटं लपवायला किती खोटी ठेवली होती, कुणाकुणाकडं, त्याची यादी माझ्याकडं नाही. मी म्हणालो, "रविवारी वाचलं तर तुझ्या घरी..." तिनं मला पुरं करू दिलं नाही. "वाचा. माझं घर मी बघते. आत्यानं तुमच्यासाठी केलं, आता माझ्यासाठी आहे असं सांगून तुम्ही परत गप्प बसू नका."

ती तुझीच भाची शोभते. जिलेबीचं ताट हातात घेऊन तू ज्या वेळी माझ्याकडं पाहिलंस, तसंच पाहत होती. फरक एवढाच की तिनं माझी चूक उचलून घेतली नाही. बरं केलं.

मला वाचता येईल का, ठाऊक नाही. आत्ता, शनिवारच्या या भर दुपारी, आवारात कुणी नसतानाही मधेमधे पेन थांबतंय. आज सकाळी दोन वेळा वाटलं, आजारी पडावं. पाळकांना फोन करून सांगावं, घसा बसलाय. घसा खरंच बसल्यासारखा वाटायलाही लागला होता. मग वही उघडली आणि तुझ्या पद्धतीनं लिहायला घेतलं. माणसांचा रकाना आखलाच नाही. एका खाली एक घरं लिहीत गेलो. सगळ्यांत शेवटी लिहिलं: दादाराव, चूलबंद. लिहिलं खरं, पण ते येतील असं मला वाटत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो.

हे इथवर लिहून झालं आणि फोन वाजला. कांतावहिनी.

"भाऊजी, उद्या आमच्या घरी गॅस पेटायचा न्हाई. तेवढं सांगायला केला."

 मी विचारलं, "अन दादा?"

"ते काय बोलून न्हाई राहिले. भिताडाकडंच बघून राहिलेत दोन दिस." तिनं आवाज खाली आणला. "पन सकाळी उठून पांढरा शर्ट इस्तरीला टाकून आलेत."

मग म्हणाली, "तुमी वाचा बरं का. न्हाई वाचलात तर नऊ मानसं उपाशी उटून येतील. आता सवय हाय आमाला." आणि फोन ठेवला.

बायका भांडी काढायला आल्यात. मोठं पातेलं बाहेर आलंय, येसराचा डबा निघालाय. एकीनं आत्ताच विचारलं, "दानियेलभाऊ, किती धरायचे?" तुझ्या खुर्चीच्या जागेकडं बघून मी म्हणालो, "आमटी जरा जास्त करा." दुसरं काही सुचलं नाही.

उद्या जेवणाच्या दारात मी उभा राहणार नाही, आक्का. वाढायला घेईन. दादाराव आला तर त्याच्या ताटात आधी वाढीन आणि त्यानं हात आडवा धरला तर तसाच थांबेन. पण ते नंतर. आधी उपासनेत उभं राहून, प्राचार्यांच्या आणि त्याच्या, दोघांच्या समोर, हा कागद उघडायचा आहे आणि तू चार वर्षं माझ्यासाठी गिळलेलं वाक्य माझ्या तोंडानं परत द्यायचं आहे. चूक आक्काची नव्हती. आवतन चूलबंदच होतं. मी दिलेलं होतं.

तुझा,
दान्या